दाट वस्तीतील श्वान : मुंबईच्या गल्लीतील सहवासाचा विचार

मोठ्या शहराच्या जुन्या व दाट वस्तीत मनुष्याखेरीज जे प्राणी राहतात त्यांत कावळा, कबुतर, उंदीर, मांजर व कुत्रा हे प्रमुख होत. यांपैकी पहिले तीन मनुष्याच्या आश्रयाने जगतात, परंतु त्याच्याशी संबंध ठेवीत नाहीत. मांजर संबंध ठेवते, पण तो आपल्या सोयीने. कुत्रा मात्र मनुष्याने दिलेले नाव स्वीकारतो, ओळख ठेवतो, आपला कोण व परका कोण हे ठरवितो, आणि त्या ठरावाप्रमाणे वागतो. म्हणून त्याचा प्रश्न हा केवळ प्राणिशास्त्राचा किंवा केवळ आरोग्यखात्याचा राहत नाही; तो शेजारधर्माचा, म्हणजेच समाजशास्त्राचाही प्रश्न ठरतो. गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी, माझगाव यांसारख्या मुंबईच्या जुन्या भागांत हा सहवास अनेक पिढ्या चालत आलेला आहे. त्याचे स्वरूप काय, तो कोणाच्या सोयीने व कोणाच्या खर्चाने चालतो, आणि तो सुरक्षित व्हावयाचा असेल तर कोणत्या गोष्टी अवश्य आहेत, एवढ्याच मुद्द्यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. शब्दांची तपासणी

रस्त्यावरील कुत्र्यास मराठीत ‘भटका’, ‘मोकाट’, ‘बेवारशी’ अशी तीन विशेषणे लावण्यात येतात. ही तिन्ही विशेषणे थोडी तपासून पाहणे उपयुक्त ठरेल. ‘भटका’ म्हणजे ज्यास ठावठिकाणा नाही असा. परंतु गल्लीतील कुत्र्याइतका ठावठिकाण्यास चिकटून राहणारा रहिवासी विरळाच. एका वाडीचा कुत्रा सहसा शेजारच्या वाडीत पाऊल टाकीत नाही, आणि टाकलेच तर तेथील कुत्रे त्याला तत्काळ परत पाठवितात. ‘मोकाट’ या शब्दात, कोणीतरी बांधून ठेवावयास हवा होता तो सुटला, असे गृहीत धरलेले आहे. वस्तुतः या कुत्र्यांपैकी बहुतेक रस्त्यावरच जन्मलेले असतात. त्यांना कोणी सोडलेले नसते, कारण त्यांना कोणी कधी बांधलेलेच नसते. उरला ‘बेवारशी’. गल्लीतील मोत्यास किंवा काळूस सकाळी चहावाला पाव घालतो, दुपारी पहिल्या मजल्यावरील आजी उरलेला भात घालतात, रात्री पहारेकरी त्याला आपल्या पोत्यावर निजू देतो. त्याला वारस नाही असे म्हणण्यापेक्षा त्याला वारस फार आहेत असे म्हणणेच अधिक यथार्थ होईल.

ही केवळ शब्दच्छलाची बाब नव्हे. प्राणी ‘भटका’ मानला म्हणजे त्याला उचलून अन्यत्र नेण्यात काही बिघडत नाही असे वाटते. ‘मोकाट’ मानला म्हणजे दोष कोणा अज्ञात मालकावर जातो. आणि ‘बेवारशी’ मानला म्हणजे त्याची विल्हेवाट लावणे हे नगरपालिकेचे काम ठरते. तिन्ही शब्दांत एक गोष्ट समान आहे. ती अशी की, ज्या वस्तीत तो कुत्रा राहतो त्या वस्तीवर त्यांपैकी कोणताही शब्द कसलीच जबाबदारी टाकीत नाही.

२. गल्लीतील कुत्र्याचे जीवन

कुत्रा हा मनुष्याने माणसाळविलेला पहिला प्राणी होय. जर्मनीतील बॉन शहराजवळ मनुष्यांच्या अवशेषांसमवेत पुरलेल्या कुत्र्याचे जे अवशेष मिळाले ते सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे शेतीच्याही आधी हा सहवास सुरू झालेला होता. लांडग्याचा कुत्रा कसा झाला याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. रेमंड कॉपिंगर या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले की, मनुष्याने लांडग्याची पिल्ले पकडून वाढविली असे नसून, वस्तीलगतच्या उकिरड्यावर जे लांडगे कमी भित्रे होते तेच टिकले व त्यांचाच पुढे कुत्रा झाला. हे मत सर्वांनी मान्य केलेले नाही. तथापि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिक संशोधनात असे दिसून आले की, पिष्टमय पदार्थ पचविण्यास लागणारी जनुके लांडग्याच्या मानाने कुत्र्यात पुष्कळ अधिक असतात. शिळी पोळी, भात व पाव यांवर गल्लीतला कुत्रा जगू शकतो याचे कारण हे आहे. मनुष्याच्या ताटात जे उरते ते पचविण्यासाठीच जणू त्याचे शरीर घडलेले आहे.

दाट वस्तीत कुत्र्यांची संख्या मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते : उपलब्ध अन्न आणि उपलब्ध आडोसा. मासळीबाजार, खाटिकखाना, खाणावळीची मागील बाजू, उघडी कचराकुंडी ही त्याच्या अन्नाची ठिकाणे. जिन्याखालची जागा, उभ्या मोटारीखालची सावली, बंद दुकानाची फळी हा त्याचा आडोसा. या दोहोंचा पुरवठा जितका, तितक्या कुत्र्यांचा निर्वाह त्या जागी होतो. कुत्रीचा गर्भकाल सुमारे दोन महिन्यांचा असून तिला एका वेळी अनेक पिल्ले होतात. लोकभाषेत भाद्रपद हा कुत्र्यांच्या माजाचा महिना समजला जातो. त्यानुसार पावसाळा सरल्यावर व थंडीच्या आरंभी गल्लोगल्ली पिल्ले दिसू लागतात. परंतु त्यांतील फारच थोडी जगतात. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील संशोधकांनी पश्चिम बंगालमधील ३६४ पिल्लांचे जे निरीक्षण केले, त्यात प्रजननाच्या वयापर्यंत शेकडा १९ पिल्लेच पोहोचली. आणि मृत्यूंपैकी बहुसंख्य मृत्यूंस मनुष्याची कृती कारणीभूत झालेली आढळली. हा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

या आकड्यातून एक महत्त्वाचे अनुमान निघते. ज्या जागेतील प्रौढ कुत्रे एकदम नाहीसे केले जातात, पण अन्न व आडोसा तसाच राहतो, त्या जागेत एरव्ही मेली असती अशी पिल्ले जगू लागतात व शेजारच्या भागातील कुत्रे त्या रिकाम्या हद्दीत शिरतात. कुत्रे नाहीसे झाले तरी त्यांना पोसणारी जागा नाहीशी होत नाही. पकडून नेण्याचे उपाय वारंवार का फसले याचा बराचसा उलगडा यातून होतो.

दुसरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे ओळख. गल्लीतील कुत्रा सर्व मनुष्यांशी सारखा वागत नाही. वाडीतील लहान मूल त्याच्या अंगावरून उडी मारून गेले तरी तो डोळा उघडीत नाही; तोच कुत्रा पाठीवर गोणी घेतलेल्या अनोळखी मनुष्यास पाहताच उठून भुंकू लागतो. रहिवाशांस या गुणाचे कौतुक वाटते, कारण रात्रीची राखण तो विनामूल्य करतो. पण ही राखण ज्याच्यावर चालते त्याच्या बाजूने पाहिले म्हणजे चित्र पालटते. पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, दूधवाला, कचरा वेचणारी बाई, रात्रपाळी संपवून परतणारा कामगार, आणि आता घरोघर जेवणाचे डबे व सामान पोचविणारा दुचाकीस्वार, हे सर्व त्या गल्लीच्या दृष्टीने परके, परंतु त्या गल्लीची सोय व्हावी म्हणूनच तेथे आलेले असतात. गल्लीचा जिव्हाळा आतल्यांना मिळतो. त्याची किंमत पुष्कळदा बाहेरच्याच्या पोटरीला मोजावी लागते. या सहवासातील खरी विषमता ती हीच, आणि प्राणिप्रेमी व प्राणिद्वेष्टे यांच्या वादात तिचा उच्चार क्वचितच होतो.

३. दारापर्यंत, परंतु उंबरठ्याच्या आत नव्हे

आपल्या परंपरेने कुत्र्यास दिलेले स्थान असेच दुहेरी आहे. दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्रे असतात व ते चार वेदांचे प्रतीक मानले जातात. कालभैरवाचे वाहन श्वान आहे. खंडोबाच्या मूर्तीसमवेत कुत्रा दाखविला जातो. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा महाराष्ट्रात लहान मुलासही ठाऊक आहे. उलट, धर्मशास्त्राने कुत्र्यास अपवित्र मानले, त्याचा स्पर्श विटाळाचा ठरविला, आणि ज्या मनुष्यांना समाजाबाहेर ठेवावयाचे त्यांना ‘श्वपच’ हे नाव देऊन दोघांनाही एकाच तुच्छतेत बांधले. वैश्वदेवातील बलीमध्ये कुत्र्याचा वाटा आहे. पण तो घराबाहेर ठेवावयाचा असतो. अन्न द्यावे, मात्र आत घेऊ नये, अशी ही रीत आहे.

महाभारताच्या दोन टोकांस दोन कुत्रे उभे आहेत, हेही येथे सांगण्यासारखे आहे. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञभूमीत आलेल्या सरमापुत्रास राजाचे भाऊ मारतात. त्याने हविर्द्रव्यास तोंड लावलेले नसते, तेव्हा सरमा येऊन या अकारण मारहाणीचा जाब विचारते व अदृष्ट भयाचा शाप देते. आणि महाप्रस्थानाच्या अखेरीस, आपल्यामागे आलेल्या कुत्र्यास टाकून स्वर्गात जाण्याचे युधिष्ठिर नाकारतो. एका कथेत अपराधावाचून दंड नको हा न्याय आहे, दुसरीत आश्रिताचा त्याग नको हा. आजच्या गल्लीतील वादात या दोन्ही तत्त्वांचा आधार घेतला जातो. परंतु कथेतील कुत्रा एकाच्याच मागून चालत होता. गल्लीतील कुत्रा पन्नास बिऱ्हाडांचा असतो. जो पन्नासांचा आश्रित, तो नेमका कोणाचा आश्रित, याचे उत्तर कथेत सापडत नाही.

शेजारधर्माची ही गुंतागुंत पारशी समाजाच्या रीतीत निराळ्या रूपाने दिसते. जरथुष्ट्री धर्मात कुत्रा पवित्र मानलेला असून मृत व्यक्तीच्या देहावर कुत्र्याची दृष्टी पडावी असा ‘सगदीद’ नावाचा विधी आहे. ज्या कुत्र्याच्या डोळ्यांवर दोन ठिपके असतात त्यास ‘चार डोळ्यांचा’ म्हणतात व या विधीस तो विशेष योग्य समजतात. पुढील इतिहास समजण्यासाठी ही माहिती अवश्य आहे.

४. १८३२ चा दंगा आणि त्यानंतर

मुंबईत कुत्रे पकडण्याचा प्रश्न किती जुना आहे याची कल्पना आज पुष्कळांना नसते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच कंपनी सरकारने वर्षातील ठरावीक महिन्यांत रस्त्यावरील बेवारशी कुत्रे मारण्याची आज्ञा काढलेली होती. १८३२ मध्ये ही मुदत उन्हाळ्यात आणखी वाढविण्यात आली. दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते, आणि बक्षिसाच्या लोभाने पकडणारे लोक मालकीचे कुत्रेही दारातून ओढून नेतात अशी तक्रार होऊ लागली. ६ जून १८३२ रोजी कोटातील पारशी लोकांच्या जमावाने कुत्रे पकडणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिले. पारशांबरोबर हिंदू, जैन व मुसलमान व्यापारीही त्यात सामील झाले, आणि कुलाब्याच्या लष्करास जाणारे अन्नपाणी अडविण्यात आले. अखेरीस सैन्य बोलवावे लागले, धरपकड झाली व काहींना शिक्षा झाल्या.

या दंग्याचे कारण केवळ धर्मभावना हे नव्हते. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने रस्ता ही सरकारी जागा होती व तेथील बेवारशी प्राणी हा उपद्रव होता. रहिवाशांच्या दृष्टीने दारापुढील रस्ता हा घराचाच विस्तार होता व तेथील कुत्रा त्या घराचा नव्हे तरी त्या दाराचा होता. एकाच जागेविषयीच्या या दोन कल्पना परस्परांवर आदळल्या. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरापोळ स्थापन झाली. भुलेश्वरातील ती संस्था आजही चालू आहे. पारशी व जैन दातृत्वाचा हा संयुक्त प्रयत्न म्हणजे दंग्याने उपस्थित केलेल्या प्रश्नास शहराने शोधलेले पहिले विधायक उत्तर होय.

तथापि कुत्रे मारण्याची पद्धत बंद पडली नाही. पुढे नगरपालिकेने ती चालू ठेवली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत मुंबईत दरवर्षी हजारो कुत्रे मारले जात. इतक्या दीर्घ काळाच्या प्रयत्नानंतरही संख्या टिकून राहिली, ही वस्तुस्थिती कोणत्याही तात्त्विक वादापेक्षा अधिक बोलकी आहे. १९९४ मध्ये मुंबईत मारण्याचे धोरण सोडून निर्बीजीकरणाचा मार्ग स्वीकारण्यात आला. २०१४ साली महानगरपालिकेने जी गणना करविली, तिच्यात शहरातील रस्त्यांवरील कुत्र्यांची संख्या सुमारे ९५ हजार आढळली.

५. आलर्क रोगाचा प्रश्न

आतापर्यंतच्या विवेचनात जिचा उल्लेख आला नाही अशी एक गोष्ट या सर्व सहवासावर सावलीसारखी पडलेली आहे. ती म्हणजे आलर्क रोग किंवा रेबीज. कुत्रा चावला ही जखम काही दिवसांत भरून येते; पण रोगी कुत्र्याच्या लाळेतील विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या मार्गाने मेंदूकडे सरकू लागतो. या प्रवासास सामान्यतः एक ते तीन महिने लागतात; कधी आठवड्याहून कमी, तर कधी वर्षाहूनही अधिक. लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे मृत्यू जवळजवळ अटळ असतो. म्हणून या रोगाचा खरा उपाय लक्षणे दिसण्यापूर्वीचा आहे, आणि तो वेळीच केला तर पूर्ण परिणामकारक आहे.

हा उपाय वाचकांनी घरोघर सांगावा इतका सोपा आहे. दंश किंवा ओरखडा झाल्याबरोबर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद, तेल यांपैकी काहीही लावू नये. त्यांनी विषाणू मरत नाही, जखम मात्र चिघळते. त्यानंतर त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी, व सांगितलेल्या तारखांस उरलेल्या मात्रा न चुकता पुऱ्या कराव्या. कातडी फाटून रक्त आले असेल तर लशीबरोबरच जखमेत व तिच्या सभोवार तयार प्रतिपिंडांचे औषध टोचणे अवश्य असते, कारण लशीचा परिणाम होण्यास काही दिवस लागतात. मधला काळ हे औषध सांभाळते.

‘पोटात चौदा इंजेक्शने’ ही जुन्या पिढीची धास्ती अजून अनेक घरांत जिवंत आहे व तिच्यापायी आजही दंश लपविले जातात. लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये पहिल्यांदा मनुष्यास ही लस दिली. १९११ मध्ये डेव्हिड सेम्पल यांनी कसौली येथे मेंढीच्या मेंदूपासून जी लस तयार केली, ती भारतात सुमारे नव्वद वर्षे वापरात होती. पोटातील वेदनादायक टोचण्या त्या लशीच्या. २००५ च्या सुमारास तिचा वापर भारतात थांबला. आजची लस पेशीसंवर्धनाने तयार होते व ती दंडात, अथवा कातडीत अल्प प्रमाणात, चार-पाच मात्रांत दिली जाते. मुलास ही गोष्ट ठाऊक नसते. त्याला एवढेच ठाऊक असते की, कुत्र्याशी खेळू नको असे सांगितले असता आपण खेळलो, आणि आता सांगितले तर मार बसेल. मार चुकविण्यासाठी दडविलेला एक लहानसा ओरखडा हा मृत्यूचे कारण होऊ शकतो. ज्या घरात मुलास सांगण्याचे भय वाटत नाही ते घर या रोगापासून अर्धे सुरक्षित समजावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे या रोगाने मरतात. त्यांतील सुमारे शेकडा ३६ भारतातील असतात. दंश झालेल्यांपैकी ज्यांना संशयित जनावर चावले अशांत शेकडा ४० मुले पंधरा वर्षांखालील असतात. मनुष्यात हा रोग बहुतांशी कुत्र्यापासूनच येतो. परंतु याच संघटनेचा दुसरा निष्कर्षही तितकाच महत्त्वाचा आहे : एखाद्या क्षेत्रातील शेकडा ७० कुत्र्यांस लस टोचली गेली, तर कुत्र्याकुत्र्यांतील संसर्गाची साखळी तुटते.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे, याचा पुरावा शेजारच्या गोव्यात मिळतो. तेथे राज्य शासन व एक स्वयंसेवी संस्था यांनी मिळून गेल्या दशकात कुत्र्यांच्या लसीकरणाची मोठी मोहीम चालविली. लहान जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरणारी पथके, लस टोचलेल्या कुत्र्यावर रंगाची खूण, प्रत्येक भागाची नोंद, शाळांतून मुलांस शिक्षण, आणि संशयित कुत्र्याची खबर मिळताच तपासणी, अशी तिची रचना होती. वर्षाला सुमारे एक लाख कुत्र्यांस लस देण्यापर्यंत हे काम वाढले. कुत्र्यांतील रोगाचे प्रमाण शेकडा ९२ ने घटले, आणि २०१८ व २०१९ या वर्षांत मनुष्यांतील मृत्यूंची नोंद शून्यावर आली. २०२१ मध्ये गोव्यास रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित करण्यात आले. कुत्रे तेथून हलविलेले नव्हते. ते होते तेथेच राहिले. हलविला तो रोग.

६. कायद्याची वाटचाल

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० मध्ये झाला, व त्यान्वये १९६२ मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या अध्यक्षतेखाली प्राणिकल्याण मंडळ अस्तित्वात आले. या अधिनियमाखाली २००१ मध्ये जे नियम झाले त्यांनी रस्त्यावरील कुत्र्यांविषयी ‘पकडावे, निर्बीज करावे, लस टोचावी व जेथून आणले तेथेच सोडावे’ असे सूत्र घालून दिले. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानास खाच पाडण्यात येते ती याच कामाची खूण होय. जेथून आणले तेथेच सोडण्यामागे दया हे एकच कारण नाही. लस टोचलेला, पुन्हा प्रजा न वाढविणारा आणि वस्तीस ओळखणारा कुत्रा आपली हद्द राखतो व नव्या कुत्र्यास आत येऊ देत नाही. हा त्यातील व्यावहारिक हिशेब आहे. मात्र हा हिशेब जमण्यासाठी एका भागातील बहुसंख्य कुत्र्यांवर थोड्या काळात शस्त्रक्रिया व्हावी लागते. येथे दहा, तेथे पाच अशा विखुरलेल्या कामाने खर्च होतो, संख्या घटत नाही. या धोरणावरील असंतोषाचे मूळ पुष्कळ अंशी या अर्धवट अंमलबजावणीत आहे.

२०२३ च्या सुधारित नियमांनी अशा कुत्र्यांस वस्तीचे, म्हणजे सामुदायिक, प्राणी मानले. शब्दांच्या तपासणीत आपण ज्या तीन विशेषणांचा विचार केला, त्यांच्या मानाने ही संज्ञा वस्तुस्थितीच्या पुष्कळ जवळ जाते. अन्न घालण्याची जागा जिन्यापासून, प्रवेशद्वारापासून व मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून दूर असावी, वेळ ठरलेली असावी, आणि ही व्यवस्था रहिवाशांच्या संघाने किंवा स्थानिक संस्थेने करावी, असे त्यांत सांगितले आहे. २०२५ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली व तिच्या लगतच्या भागातील सर्व कुत्रे पकडून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्ट रोजी तो बदलून, पिसाळलेले व आक्रमक कुत्रे वगळता इतरांस निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावे, आणि अन्न केवळ नेमून दिलेल्या जागीच घालावे, असे ठरले. ७ नोव्हेंबर रोजी शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील कुत्रे हलवावे व त्यांना तेथे परत सोडू नये, असा आदेश झाला. तीन महिन्यांतील हे तीन आदेश एकत्र वाचले म्हणजे १८३२ मधील दोन कल्पना अद्यापि आपापल्या जागी उभ्या असल्याचे दिसते. रस्ता कोणाचा, हा प्रश्न अजून मिटलेला नाही.

७. जबाबदारी कोणाची

वरील विवेचनावरून असे दिसेल की, ‘कुत्रे हटवा’ आणि ‘कुत्रे असू द्या’ ही दोन्ही मते एका बाबतीत सारखीच अपुरी आहेत. पहिले मत वस्तीला सांगते की काम नगरपालिकेचे आहे. दुसरे मत वस्तीला सांगते की काम प्रेमाने भागते. दोन्ही मते वस्तीला मोकळी सोडतात. जो पाव घालतो तो दयाळू ठरतो; पण त्याच कुत्र्याने वर्तमानपत्रे टाकणाऱ्या मुलाचा चावा घेतला म्हणजे तो कोणाचाच राहत नाही. ममता वाटून घेतलेली आणि उत्तरदायित्व मात्र कोणीच न घेतलेले, अशी ही विलक्षण मालकी आहे. २०२३ च्या नियमांतही अन्न घालणाऱ्यास लसीकरणाच्या व पकडण्याच्या कामी साहाय्य करण्याची मुभा दिलेली आहे. ते त्याचे कर्तव्य म्हणून सांगितलेले नाही. आमच्या मते ही मुभा कर्तव्यात रूपांतरित होणे हाच या प्रश्नाचा गाभा आहे.

ही गोष्ट व्यवहारात आणणे कठीण नाही. एका वाडीत सहा-सात कुत्रे असले तर त्या वाडीतील कोणत्याही मुलास ते नावानिशी ठाऊक असतात. त्यांची एक वही ठेवावी. नाव, रंग, कानास खाच आहे की नाही, लस कधी टोचली, ही नोंद तीत असावी. वर्षातून एकदा लस देणारे पथक आले म्हणजे अनोळखी मनुष्यास तासभर धावपळ करूनही जे साधत नाही, ते रोज पाव घालणारा मनुष्य हाक मारून दोन मिनिटांत करू शकतो. कचरा झाकलेला ठेवणे, अन्न ठरल्या जागी व ठरल्या वेळी घालणे, आणि पहाटे येणाऱ्या मनुष्याची कुत्र्याशी पहिल्या आठवड्यातच ओळख करून देणे, या साध्या गोष्टींनी पुष्कळ अपघात टळतील. शेवटची सूचना काहींना किरकोळ वाटेल. परंतु ओळख हीच ज्या प्राण्याची नीती, त्याच्याबाबतीत ती मुळीच किरकोळ नव्हे.

याच संदर्भात एका चालू स्थित्यंतराकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. गिरगाव व आसपासच्या जुन्या चाळी पाडून त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. चाळीच्या गॅलरीतून गल्लीवर दिवसभर कोणाची ना कोणाची नजर असे. कोणता कुत्रा आज जेवला नाही, कोणता उगाच भिंतीकडे पाहत बसला आहे, कोणत्या कुत्रीस पिल्ले झाली, हे सर्वांस कळे. उंच इमारतीत मनुष्य वाहनातून फाटकाशी व फाटकातून उद्वाहनाने वर जातो. गल्ली त्याला दिसत नाही आणि तो गल्लीला दिसत नाही. माणसे काही वर्षे संक्रमण शिबिरात जातात, परततात किंवा परतत नाहीत. कुत्रे मात्र पाडलेल्या चाळीच्या ढिगाऱ्याभोवती तसेच राहतात. ज्यांनी त्यांना नावे दिली ती माणसे गेली, आणि जी नवी आली ती त्यांना ओळखत नाहीत. ओळख तुटलेल्या अशा जागी तोच कुत्रा भीतीचा विषय होतो, आणि भ्यालेला कुत्रा चावतो. तेव्हा कुत्र्यांचा उपद्रव म्हणून जे आपण मोजतो त्यांतील काही अंश हा वस्तुतः शेजार विस्कटल्याचा परिणाम असावा काय, हा प्रश्न अभ्यासकांनी गंभीरपणे हाती घेण्यासारखा आहे.

गल्लीतील कुत्र्याशी मनुष्याचा संबंध हा करारावाचून चालत आलेला आहे. शहर जोवर लहान व ओळखीचे होते तोवर करार नसल्याने फारसे अडले नाही. आता वस्ती वाढली, माणसे बदलली, आणि त्या गल्लीतून पोटासाठी जाणाऱ्या परक्यांची संख्याही वाढली. अशा स्थितीत कुत्र्याच्या ताटलीत पाव घालणाऱ्या हातावरच त्याच्या लशीची नोंद ठेवण्याचे काम सोपविणे, हेच दयेचे व न्यायाचे एकत्र रूप होय. आश्रिताचा त्याग करू नये हे खरे. परंतु आपल्या आश्रितामुळे वाटसरूस इजा होऊ नये, हे पाहणेही आश्रयदात्याकडेच येते.